ऑफिसचा ताबा घेण्याआधी लाइटिंग नेमकं कसं तपासायचं?

चारुलता_खराडी

नमस्कार मंडळी,

खराडीला आमच्या कंपनीचं नवीन ऑफिस तयार झालंय. आठवा मजला, साधारण साडेसहा हजार चौरस फूट, नव्वद जणांची बसायची सोय, चार मीटिंग रूम, एक बोर्डरूम, पँट्री. मी ॲडमिनला आहे आणि ताब्याच्या कागदांवर कंपनीतर्फे माझीच सही होणार आहे. फर्निचर, कार्पेट, एसी यांतलं मला बऱ्यापैकी कळतं. अडतंय ते लाइटिंगपाशी.

पीएमसीने (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने) दिलेल्या स्नॅग लिस्टमध्ये, म्हणजे राहिलेल्या त्रुटींच्या यादीत, लाइटिंगखाली दोनच ओळी आहेत: "पँट्रीतला एक डाउनलाइट बंद" आणि "रिसेप्शनच्या कोव्हमधली स्ट्रिप एका बाजूने सुटली". (कोव्ह म्हणजे सीलिंगच्या कडेची खाच, तिच्यात एलईडीची पट्टी लपवलेली असते.) ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणतो, "मॅडम, सगळे लाइट लागतायत, अजून काय बघायचं?"

मला ते पटत नाही. जुन्या ऑफिसात आमच्या अकाउंट्सच्या मुली रोज संध्याकाळी डोकं धरून बसायच्या आणि तिथेही सगळे लाइट लागतच होते. शनिवारी ताबा घ्यायचा आहे. हॉलमध्ये ग्रिड सीलिंगला दोन बाय दोनचे पॅनल, मधल्या पट्ट्यात लटकते लिनिअर, मीटिंग रूममध्ये डाउनलाइट, बऱ्याच ठिकाणी सेन्सर. काय काय तपासून घेऊ? कृपया मला जमेल अशा भाषेत सांगा.

तारमास्तर

चारुलताताई, पहिलं काम म्हणजे शनिवारची सही पुढे ढकला. निदान एक संध्याकाळ तपासणीला मागून घ्या. लाइटिंग दिवसा तपासता येत नाही. खिडकीतून येणारा उजेड मीटरमध्ये मिसळतो आणि कमी पडलेल्या ओळीही पास होऊन जातात.

आधी उजेडाची मोजणी. सूर्य मावळल्यावर, पडदे ओढून, सगळे लाइट पूर्ण लावा आणि अर्धा तास थांबा. एलईडी तापली की उजेड थोडा उतरतो, त्यामुळे लावल्या लावल्या घेतलेलं रीडिंग जरा जास्त येतं. लक्स मीटर (लक्स हे उजेडाचं माप) ठेकेदाराचा असला तरी चालेल, पण त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागा आणि तारीख बघा. मोबाइलमधल्या ॲपवर ही मोजणी करू नका. दोन फोन एकाच टेबलावर शेजारी ठेवलेत तरी आकडे जुळत नाहीत.

मीटरची बशी टेबलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून पाऊण मीटरवर, आडवी ठेवायची. मोजणाऱ्याने वाकून बघायचं नाही, त्याची सावली बशीवर पडते. पांढरा शर्ट घालून जवळ उभं राहिलं तरी आकडा बदलतो. बशी तारेने जोडलेली असते ती याचसाठी, माणसाने लांब उभं राहून वाचावं म्हणून.

किती ठिकाणी मोजायचं? समजा तुमचा एक हॉल १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे, आणि टेबलापासून लाइटपर्यंतची उंची २ मीटर आहे. लांबी गुणिले रुंदी म्हणजे ९६. त्याला उंची गुणिले लांबी-रुंदीची बेरीज, म्हणजे २ गुणिले २० बरोबर ४०, याने भागा. २.४ आले. याला रूम इंडेक्स म्हणतात. तो १ च्या खाली असेल तर किमान ४ ठिकाणी, १ ते २ असेल तर ९, २ ते ३ असेल तर १६ आणि ३ च्या पुढे २५ ठिकाणी मोजायचं. तुमच्या हॉलला १६. हॉलचे सारखे १६ चौकोन पाडा आणि प्रत्येकाच्या मध्यावर मोजा. हे मध्यबिंदू लाइटच्या ओळींशी तंतोतंत जुळत असतील तर चौकोन वाढवा. नाहीतर प्रत्येक रीडिंग बरोबर लाइटखालचं येतं आणि सरासरी खोटी फुगते.

ऑफिसच्या टेबलावर ५०० लक्स हा नेहमीचा धरला जाणारा आकडा. आपल्या भारतीय मानकात, आयएस ३६४६ मध्ये, साध्या ऑफिसला ३००-५००-७५० अशी पट्टी आहे, त्यातला मधला. युरोपच्या मानकात, ईएन १२४६४ मध्येही, लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ५००च. पण आता नीट लक्ष द्या: हा आकडा देखभालीचा आहे. म्हणजे धूळ बसल्यावर, एलईडी जुनी झाल्यावरसुद्धा एवढा उजेड राहायला हवा. डिझाइन करताना त्यासाठी ०.८ सारखा गुणक धरतात. ५०० भागिले ०.८ म्हणजे ६२५. नव्या कोऱ्या ऑफिसात सरासरी ६२५ च्या आसपास यायला हवी. नवीन असताना ५०० भरले तर ते ऑफिस पुढे हळूहळू चारशेवर येणार.

आणि सरासरीवर थांबू नका. सगळ्यात कमी रीडिंगला सरासरीने भागा. कामाच्या जागेवर ०.६ च्या खाली गेलं तर कुठेतरी अंधारी पट्टी आहे. ती शोधा.

चारुलता_खराडी

मास्तर, मनापासून आभार. लगेच एक प्रश्न. सुपरवायझरने त्यांच्या मोजणीचा कागद दाखवला. सरासरी ५२०. तो म्हणतो बीओक्यूमध्ये (करारातल्या कामांच्या आणि मालाच्या यादीत) ५०० लिहिलंय, म्हणजे पास.

तारमास्तर

बीओक्यूबरोबर लाइटिंग डिझाइनचा रिपोर्ट असतो, बहुतेक डायलक्स या सॉफ्टवेअरचा. तो तुमच्या कन्सल्टंटकडून मागवा. त्यात मेंटेनन्स फॅक्टर नावाची ओळ असते. तिथे ०.८ असेल तर ५०० हा शेवटचा आकडा आहे हे त्यांच्याच कागदावर सिद्ध होतं, मग वाद उरत नाही. आणि त्या ५२० मध्ये किती बिंदू घेतले, किती वाजता घेतले, ते विचारा.

जिप्सम_नाना

सीलिंगचं काम करतो, म्हणून वरच्या बाजूचं सांगतो. खालून फिटिंग छान दिसतं, वर काय चाललंय ते कुणी बघत नाही.

ग्रिड सीलिंग आहे ना, मग काम सोपं. घोडा लावून प्रत्येक हॉलमधल्या तीन-चार टाइल उचलायला सांगा. कुठल्या ते तुम्ही ठरवा, त्यांनी दाखवलेल्या नकोत. टॉर्च मारा. पॅनल नुसता ग्रिडच्या टीवर (टाइल ज्यावर टेकतात त्या पट्टीवर) ठेवलाय, की स्लॅबपासून वेगळ्या तारेने किंवा साखळीने धरलाय? आमचं ग्रिड टाइलचं वजन पेलायला असतं. त्यावर फिटिंगचं वजन टाकलं की काही महिन्यांत टी खाली झुकतो, टाइलच्या कडा उघड्या पडतात, आणि नाव सीलिंगवाल्याचं खराब होतं.

मग जोड बघा. एका साइटवर मी टाइल उचलली तर पाच फिटिंगांच्या वायरी एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, ना डबी ना कनेक्टर. टेप हाताला चिकटत होती, इतकी ती ऊन झालेली. एसीचा डक्ट शेजारून जात होता, त्याच्या इन्सुलेशनवर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारी डबी, उताणा ठेवलेला. ड्रायव्हरला हवा लागते. कापसात ठेवला तर तो भाजून मरतो.

जिथे प्लेन जिप्सम आहे, म्हणजे तुमच्या मीटिंग रूम आणि रिसेप्शन, तिथे प्रत्येक ड्रायव्हरपर्यंत हात पोचतो का ते बघा. डाउनलाइटचा ड्रायव्हर त्याच्या भोकातून बाहेर निघतो. कोव्हच्या स्ट्रिपचा ड्रायव्हर मात्र लांब कुठेतरी टाकलेला असतो. त्याला ट्रॅपडोअर, म्हणजे सीलिंगमधलं उघडणारं झाकण, नसेल तर बिघडल्यावर सीलिंग फोडावं लागेल, आणि रंगाचं ठिगळ जन्मभर दिसेल. ट्रॅपडोअर आत्ताच पाडून घ्या, रंगारी साइटवर आहे तोवर.

निशिगंधा_आर्किटेक्ट

मास्तरांनी मोजणीचं उत्तम सांगितलंय, पण माझा अनुभव असा की डोकेदुखीची तक्रार कमी लक्समुळे क्वचित येते. ती येते चकाकीमुळे. तुमच्या अकाउंट्सच्या मुलींचं दुखणं तेच असणार असा माझा अंदाज आहे. आणि चकाकी लक्स मीटरला दिसत नाही.

म्हणून एक काम करा, वेळ लागला तरी चालेल: प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसा. नव्वद खुर्च्या म्हणजे नव्वद. लॅपटॉपवर पूर्ण काळा फोटो उघडा आणि रोज बसतात तसं बसून बघा. स्क्रीनमध्ये लाइटची पांढरी पट्टी उमटते का? मान न हलवता समोर बघताना डोळ्याच्या वरच्या कडेला एखादं फिटिंग बोचतं का? बोचलं की त्या टेबलाला स्टिकर लावा. लिनिअर लाइट टेबलांच्या ओळीच्या मधल्या वाटेवर असतील तर सहसा त्रास नसतो, डोक्याच्या जरा मागे आले तर स्क्रीनमध्ये दिसतात. असं का होतं सांगू? लाइटिंग डिझाइन होतं तेव्हा टेबलं एका दिशेने असतात. मग कुणीतरी चार सीट वाढवायला टेबलं फिरवतं, आणि सीलिंगचं ड्रॉइंग तसंच राहतं. तुमच्याकडचा शेवटचा फर्निचर लेआउट आणि सीलिंगचा लेआउट एकावर एक ठेवून बघा.

चकाकीला यूजीआर म्हणून आकडा असतो, ऑफिसच्या कामाला १९ च्या आत. तो साइटवर मोजणं तुमच्या हातातलं नाही, पण डिझाइन रिपोर्टमध्ये असतो. रिपोर्टमध्ये मायक्रोप्रिझमॅटिक डिफ्यूझर (बारीक खवल्यांचं, उजेड पसरवणारं झाकण) धरला असेल आणि साइटवर साधी दुधी शीट लागली असेल, तर तो आकडा त्या जागेला लागूच होत नाही. डिफ्यूझरला जवळून बघा, बारीक खवले दिसायला हवेत.

दुसरी गोष्ट रंगाची. सगळे लाइट लावून दाराशी उभ्या राहा आणि पांढऱ्या भिंतीकडे बघा. कुठे पिवळट, कुठे हिरवट, कुठे निळसर छटा दिसते का? ४००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेल्या दोन खोक्यांतले लाइटही वेगळे दिसू शकतात, माल दोन वेगवेगळ्या लॉटमधला असेल तर. चांगल्या स्पेसिफिकेशनमध्ये ३ एसडीसीएम असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकाचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा डोळ्याला जाणवू नये. तुमच्या बीओक्यूत ते असेल तर बदलून मागायचा हक्क आहे.

बोर्डरूममध्ये व्हिडिओ कॉल लावूनच बघा. एकजण खुर्चीत, दुसरा पलीकडून. डोक्यावर नुसते अरुंद बीमचे डाउनलाइट असतील तर डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात. टेबलावर ५०० लक्स भरतात आणि चेहरा अंधारात.

आणि मास्तर, एक मतभेद नोंदवते. ५०० सगळीकडे मागू नये. पॅसेजला १०० पुरतात. सगळा मजला सारखा लख्ख केला की डोळ्याला विसावा मिळत नाही आणि बिलही वाढतं.

तारमास्तर

पॅसेजबद्दल पूर्ण मान्य. मी टेबलांपुरतंच बोलत होतो. खुर्चीवर बसून बघायची सूचना तर माझ्या मोजणीच्या आधी करायला हवी.

लीड्सचा_पाहुणा

मी इंग्लंडमध्ये बिल्डिंग सर्व्हिसेसमध्ये काम करतो. इथे ताबा घेताना सगळ्यात आधी जे मागतात त्याचा वर अजून उल्लेख आला नाही: इमर्जन्सी लाइटिंग. लाइट गेल्यावर जिना आणि बाहेरची वाट दाखवणारे दिवे. रोजच्या कामात त्यांची उणीव कुणाला कळत नाही, त्यामुळे ते नेहमी शेवटी राहतात.

इथे बीएस ५२६६ या ब्रिटिश मानकाप्रमाणे साधारण तीन तासांचा बॅकअप धरतात, दर महिन्याला छोटी चाचणी आणि वर्षातून एकदा पूर्ण वेळेची. भारतात नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये किमान दीड तास आहे. तुमच्या बीओक्यूत काय लिहिलंय ते बघा, पण दीड तासाच्या खाली काही स्वीकारू नका.

चाचणी अशी: रात्री, पडदे ओढून, त्या भागाच्या लाइटिंगचा एमसीबी (आपोआप पडणारा ब्रेकर) पाडा. इमर्जन्सी दिवा त्याच भागाच्या सर्किटवर असायला हवा. मुख्य स्विच पाडून सगळं अंधारात टाकलं तर सगळे दिवे लागतात आणि खरी चूक लपते. एका हॉलचा एमसीबी ट्रिप झाला, बाकी मजला चालू आहे, आणि त्या हॉलचा इमर्जन्सी दिवा दुसऱ्याच सर्किटवर असल्यामुळे लागलाच नाही, असं मी पाहिलंय. दिवे लागल्यावर घड्याळ लावा आणि दीड तास खरोखर थांबा. पहिल्या वीस मिनिटांत सगळेच चांगले दिसतात. वाटेवर चालून बघा: जिन्याची पहिली पायरी, वळण, फायर एक्स्टिंग्विशर, दाराची कडी दिसतेय का. एक्झिटचा बाण कुठल्या दाराकडे दाखवतोय आणि ते दार उघडतं का, तेही.

महत्त्वाचं: चाचणीनंतर बॅटऱ्या रिकाम्या असतात. पुन्हा भरायला २४ तास धरा. त्यामुळे लोक बसायला येण्याच्या आदल्या रात्री ही चाचणी करू नका.

चारुलता_खराडी

हे वाचून आजच इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, महिनाभर साइटला टेम्पररी सप्लाय होता आणि रात्री मेन बंद करून जायचे. म्हणजे बॅटऱ्या कधी पूर्ण भरल्याच नसतील?

लीड्सचा_पाहुणा

बरोबर ओळखलंत. आधी सलग २४ तास सप्लाय चालू ठेवायला सांगा, तसं लेखी घ्या, मगच चाचणी. नाहीतर दिवे लवकर विझतील आणि ठेकेदार म्हणेल "चार्जिंग नव्हतं". आणि बॅटऱ्या महिनोन्‌महिने अर्धवट भरलेल्या राहिल्या असतील तर त्या खराबही झालेल्या असू शकतात. तो दोष ठेकेदाराचा, तुमचा नाही.

डीबी_डॉक्टर

आता विजेच्या पॅनलकडे, म्हणजे डीबीकडे (डिस्ट्रिब्यूशन बोर्डकडे) वळू. यातलं ताईंनी स्वतः काही करू नये, लायसन असलेल्या वायरमनकडून समोर करून घ्यावं.

मेगरचा, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायच्या चाचणीचा, रिपोर्ट मागा. लाइटिंगच्या प्रत्येक सर्किटचा, ५०० व्होल्ट डीसीवर, किमान १ मेगओहम. ही चाचणी ड्रायव्हर सोडवून करायची असते, जोडलेल्या ड्रायव्हरवर मेगर मारला तर ते जाऊ शकतात. सगळ्या सर्किटांचं रीडिंग एकसारखं गोल आकड्यात असेल तर तो कागद टेबलावर बसून भरलाय असं समजा आणि दोन-तीन सर्किटं समोर करून दाखवायला सांगा.

न्यूट्रल. तीन फेजच्या डीबीत न्यूट्रलचा स्क्रू ढिला राहिला आणि तो सुटला, तर एका फेजवरच्या फिटिंगांवर २३० च्या ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतात. एका क्षणात अर्ध्या मजल्याचे ड्रायव्हर उडतात आणि वॉरंटीवाला हात वर करतो. म्हणून सगळे टर्मिनल समोर आवळून घ्या आणि पूर्ण लोडवर तासभर चालल्यावर थर्मल कॅमेऱ्याने डीबीचा फोटो काढायला लावा. ढिला जोड लगेच तापलेला दिसतो.

आरसीसीबी, म्हणजे अर्थला गळती झाली की वीज तोडणारा स्विच. प्रत्येक ड्रायव्हरमधून अर्थला थोडी गळती मूळचीच असते. अर्धा मिलीअँपिअर धरला आणि एका ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर चाळीस फिटिंग लटकवली तर २० झाले, आणि हा आरसीसीबी १५ च्या वर कुठेही पडू शकतो. मग पावसाळ्यात रोज सकाळी लाइट जातात आणि कुणाला कारण सापडत नाही. एका आरसीसीबीवर किती फिटिंग आहेत ते मोजा.

एमसीबीची चाचणी: मुख्य स्विचने सगळे लाइट एकदम लावा, बंद करा, पुन्हा लावा. ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात. एमसीबी पडला तर सर्किटवर जास्त फिटिंग आहेत किंवा एमसीबीचा प्रकार चुकला आहे.

डीजीवरही (डिझेल जनरेटरवरही) चालवून बघा. सप्लाय गेल्यापासून डीजी येईपर्यंत यूपीएसवरचे लाइट लागलेले राहतात का आणि ते कुठे आहेत? सगळे रिसेप्शनलाच आहेत असं व्हायला नको. शेजारशेजारच्या ओळी वेगवेगळ्या फेजवर असतील तर एक फेज गेली तरी हॉल पूर्ण अंधारात जात नाही.

आणि स्विच बंद केल्यावर एखादं फिटिंग मिणमिणत राहत असेल तर दुर्लक्ष करू नका. बहुतेक वेळा स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये घातलेला असतो. म्हणजे लाइट बंद असतानाही वर वीज जिवंत आहे, आणि पुढे फिटिंग बदलायला चढणाऱ्या माणसाला त्याचा शॉक बसेल.

ओंकार_ऑटोमेशन

सेन्सर आणि डाली (लाइट चालू-बंद आणि डिम करणारी डिजिटल कंट्रोल यंत्रणा) यांबद्दल थोडक्यात. सगळे लाइट पूर्ण लागलेत यावर समाधान मानू नका. डालीची वायर तुटली किंवा कंट्रोलरच बोलत नसला, तर बहुतेक ड्रायव्हर आपोआप पूर्ण उजेडावर जातात. म्हणजे यंत्रणा बंद असताना ऑफिस जास्त झकास दिसतं! प्रत्येक ग्रुप डिम करून बघा, २० टक्क्यांपर्यंत खाली आणा आणि फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. आपल्या ५० हर्ट्झच्या सप्लायवर हलक्या ड्रायव्हरचा लाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही, व्हिडिओत काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. पूर्ण उजेडावर ठीक असलेला ड्रायव्हर डिम केल्यावर फडफडतो.

सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते विचारा. मायक्रोवेव्हचा सेन्सर काचेतून आणि जिप्समच्या पार्टिशनमधून पलीकडचं बघतो. काचेच्या मीटिंग रूममध्ये तो लावला तर पॅसेजमधून जाणाऱ्या प्रत्येकासाठी रिकाम्या खोलीत लाइट लागतो. पीआयआरचा (अंगाची उष्णता टिपणारा) काचेतून बघत नाही, पण एसीच्या जाळीसमोर आला तर हवेच्या झोताला माणूस समजतो. टॉयलेटमध्ये आत कडी लावून बसलेल्याला पीआयआर दिसत नाही, तिथे वेळ वाढवून घ्या. ऊर्जा बचतीच्या इमारत संहितेत, ईसीबीसी २०१७ मध्ये, माणूस बाहेर पडल्यावर १५ मिनिटांच्या आत लाइट बंद व्हावा असं आहे. ही वेळ साइटवर सहसा चाचणीसाठी एक मिनिट करून ठेवतात आणि तशीच राहते. मग मीटिंगमध्ये शांत बसलेली माणसं हात हलवत राहतात.

कागद: एका डाली लाइनवर ६४ पत्ते, १६ ग्रुप, १६ सीन. कुठला पत्ता कुठल्या फिटिंगचा हे दाखवणारं ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं) ड्रॉइंग, प्रोग्रॅमची फाइल आणि पासवर्ड. हे तीन हातात आल्याशिवाय ताबा घेऊ नका. पुढे एक टेबल हलवलं तरी प्रोग्रॅमरला पुन्हा बोलवावं लागतं, आणि फाइल नसेल तर तो सगळं मुळापासून करायचे पैसे मागतो.

फॅसिलिटी_विलास

ताबा घेतल्यानंतर पुढची वर्षं ते ऑफिस आमच्यासारख्यांनी सांभाळायचं असतं, म्हणून माझी कळकळीची विनंती.

मंजूर केलेलं सॅम्पल कुठे आहे? ते मागवा आणि सीलिंगवरचं कुठलंही एक फिटिंग उतरवून शेजारी ठेवा. बाहेरून दोन्ही सारखी दिसतील. मागचं लेबल वाचा: वॅट, केल्विन, ड्रायव्हरचा मेक. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते लगेच कळतं. मी ज्या ऑफिसात होतो तिथे फिटिंग मेक लिस्टमधलं (मंजूर कंपन्यांच्या यादीतलं) होतं, पण आतला ड्रायव्हर भलत्याच कंपनीचा निघाला. फिटिंगवाल्याने वॉरंटी नाकारली आणि त्याचं चूक नव्हतं.

स्पेअर आत्ताच घ्या, प्रत्येक प्रकारची काही फिटिंग आणि ड्रायव्हर, त्याच लॉटमधली. निशिगंधाताईंनी सांगितलेला रंगाचा प्रश्न वर्षभराने दुप्पट होऊन येतो. आणि प्रत्येक फिटिंगपर्यंत शिडी पोचते का? जड बोर्डरूम टेबलाच्या बरोबर वर लटकवलेला लाइट बदलायला टेबलाचे तुकडे करावे लागतात.

ठेकेदार_सातारकर

सगळं वाचलं. बरोबर आहे, पण आमची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

फर्निचर फिरवणं, शेवटच्या आठवड्यात पार्टिशन हलवणं, सीट वाढवणं हे आम्ही करत नाही. लाइट मंजूर ड्रॉइंगप्रमाणे लागले असतील आणि नंतर टेबल फिरलं असेल, तर ती चकाकी आमचा दोष नाही, तो बदल आहे आणि त्याचे पैसे वेगळे. एसीवाला त्याची जाळी बसवायला आमचं फिटिंग सरकवतो, रंगारी डिफ्यूझरवर रंग उडवतो, आणि स्नॅग आमच्या नावावर. म्हणून ताई, स्नॅग लिहिताना तीन रकाने करा: काम चुकलं, दुसऱ्याने बिघडवलं, ड्रॉइंगच बदललं. प्रत्येक ओळीला फोटो आणि जागेचा नंबर. "हॉलमध्ये लाइट कमी" असं लिहिलं तर माझा माणूस काय दुरुस्त करणार? "टेबल ३७, ३१० लक्स" लिहा, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

तपासणीला आम्हाला बरोबर घ्या. समोर मोजलेला आकडा आम्ही नाकारत नाही.

जिप्सम_नाना

सातारकर, मनातलं बोललात. तीन रकान्यांची कल्पना मीही माझ्या साइटला सुरू करतो.

चारुलता_खराडी

मंडळी, सही पुढे ढकलली. कंपनीने ऐकलं. काल संध्याकाळी कन्सल्टंट, पीएमसी, ठेकेदार आणि मी, सगळ्यांनी मिळून तपासणी केली. जे निघालं ते इथे टाकते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

मोठ्या हॉलची सरासरी ५७०, पण पश्चिमेच्या खांबापाशी २९० ते ३४०. म्हणजे कमीत कमी भागिले सरासरी जेमतेम ०.५. तिथली पॅनलची एक ओळ फायर पाइप आडवा आला म्हणून सरकवली होती आणि कुणी ड्रॉइंगवर नोंदच केली नव्हती. डिझाइन रिपोर्टमध्ये ०.८ होतंच, त्यामुळे ५२० च्या पासवर वाद झाला नाही.

प्रत्येक खुर्चीवर बसले. अकरा टेबलांना स्टिकर लागले. त्यातली सात फिरवलेल्या टेबलांची आहेत, ती आमच्याच बदलामुळे. सातारकर, ती तिसऱ्या रकान्यात टाकली.

टाइल उचलल्यावर हॉलच्या मागच्या भागात टेपचे जोड सापडले. कनेक्टर आणि डब्या लावून देणार आहेत. रिसेप्शनच्या कोव्हला ट्रॅपडोअर नव्हतंच. मीटिंग रूम २ आणि ३ मध्ये मायक्रोवेव्ह सेन्सर आहेत, ओंकार म्हणाले तसंच होतंय, पॅसेजमधून चाललं की आत लाइट लागतो. इमर्जन्सीची चाचणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर सोमवारी रात्री.

आता प्रश्न. पीएमसी म्हणते, अटींसह ताबा घ्या, स्नॅग लिस्ट जोडा, दुरुस्त्या नंतर होतील. घ्यावा का? आणि डिफेक्ट लायबिलिटीचा काळ (ज्यात निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचे) कधीपासून धरायचा?

तारमास्तर

टेबलांची हलवाहलव, कोव्ह, सेन्सर, पश्चिमेची ओळ, एवढं जोडून अटींसह ताबा घेतला तर चालेल. प्रत्येक ओळीला तारीख आणि जबाबदार माणूस लिहा, आणि त्या कामांइतकी रक्कम रिटेन्शनमध्ये (ठेकेदाराच्या राखून ठेवलेल्या पैशांत) वेगळी दाखवून अडवून ठेवा. दोन गोष्टींवर मात्र अटींसहसुद्धा ताबा नको: टेपचे जोड आणि इमर्जन्सी. नव्वद माणसं आत बसवायच्या आधी ती पूर्ण झालीच पाहिजेत.

लायबिलिटीचा काळ करारात लिहिला असेल तसा, पण अटींसह ताबा घेताना पत्रात एक वाक्य घाला: स्नॅगमधल्या कामांसाठी हा काळ ती पूर्ण होऊन लेखी मंजूर झाल्याच्या तारखेपासून धरला जाईल. ठेकेदाराची त्यावर सही घ्या.

ठेकेदार_सातारकर

ते वाक्य रास्त आहे. मी तरी सही करेन. फक्त मंजुरी द्यायलाही मुदत घाला, काम झाल्यावर सात दिवस म्हणा. नाहीतर आमचे पैसे मंजुरीवाचून पडून राहतात.

चारुलता_खराडी

सात दिवस मान्य, तसं पत्रात टाकते. पश्चिमेच्या ओळीत पॅनल सरकवून पुरेल की दोन फिटिंग वाढवावी लागतील?

तारमास्तर

आधी पाइपच्या दोन्ही बाजूंना एकेक टाइल सरकवून मोजा. साडेचारशेच्या खाली राहिलं तर वाढवा, आणि वाढवलेली फिटिंग कुठल्या सर्किटवर घेतली ते ॲज-बिल्टवर लिहून घ्या, डीबी_डॉक्टरांचा आरसीसीबीचा हिशेब बिघडायला नको. फेरमोजणीची तारीख इथे कळवा. त्या आठवड्यात मी पुण्यातच आहे, मीटर घेऊन येईन.